दुसऱ्या हॉर्नपर्यंत

वलगावात पार्बताबाईची ओळख विचारली की लोक दोन गोष्टी सांगत. एक, तिच्या हातची मेथीची जुडी बाजारात पोचेपर्यंत सुटत नाही. दुसरी, ती जुडी बांधता बांधता झोपते. दोन्ही खऱ्या होत्या. भिंतीला पाठ लावून, पाय पसरून ती बसली की हात मूठभर मेथी उचलायचे, मुळं एका बाजूला आणायचे, ओल्या सुतळीचा वेढा द्यायचे, गाठ मारायचे, आणि या सगळ्यात डोळे मिटलेले. नवरा शेषराव कधी गंमत म्हणून तिच्या पुढ्यात मेथीऐवजी पालक सरकवून द्यायचा. ती पालकाचीही जुडी बांधायची आणि डोळे न उघडता म्हणायची, "पालक सकाऊन न्यायचा नाही म्हणत होते ना तुमी?"

लोक हसत. हसण्यासारखंच होतं. पण ही बाई रात्री अकराला पाठ टेकते, आता तीनला उठते, आणि बावीस वर्षांत तिची एकही झोप पुरी झालेली नाही, एवढं लक्षात आलं की हसणारा हसू आवरायचा.

पेढी नदीच्या काठाला त्यांचं दोन एकर वावर होतं आणि वावरात एक विहीर. त्या विहिरीच्या जिवावर मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, थोडी वांगी. कापूस त्यांनी कधी लावला नाही. ज्या वर्षांत वऱ्हाडातल्या कापसाची बातमी साऱ्या देशात झाली, मोठमोठ्या गाड्या गावात येऊन धूळ उडवून गेल्या, त्या वर्षांत भाजीवाल्यांच्या दारात कोणी थांबलं नाही. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. कापसाचा भाव पडला म्हणून ज्याच्या ज्याच्या विहिरीला घोटभर पाणी होतं तो तो भाजीकडे वळला. अमरावतीच्या बाजारात मेथीचे ढीग लागले. पहाटेच्या हर्रासात, म्हणजे लिलावात, पहिली बोली लागते ती पुढे मांडलेल्या मालावर, मागचा माल उन्हात सुकतो आणि गाईला जातो. म्हणून प्रत्येकाला आधी पोचायचं होतं. पूर्वी जानराव आपला टेम्पो साडेचारला आणायचा. मग चारला आणू लागला, मग पावणेचारला. दोन हजार सात साल उजाडेपर्यंत तो सव्वातीनवर आला होता. वऱ्हाडात त्या काळात काय काय गेलं याचे हिशेब पुष्कळांनी मांडले, पण वलगावच्या भाजीवाल्यांची रोजची सव्वा तासाची झोप गेली हे कोणी लिहून ठेवलं नाही.

जानरावचा टेम्पो हेच त्या आळीचं घड्याळ होतं. सव्वातीनला पुलाच्या वळणावर पहिला हॉर्न वाजायचा. तो वाजला की पोती दारात पाहिजेत. मग टेम्पो बाजारात जाऊन, माल उतरवून, रिकामी पोती घेऊन परत यायचा आणि साडेपाचला प्रत्येकाच्या दारासमोर एक लांब हॉर्न देऊन ज्याची त्याची पोती फेकत पुढे जायचा. हा दुसरा हॉर्न. पहिल्या हॉर्नला माल, दुसऱ्या हॉर्नला प्रतीक्षा.

प्रतीक्षा ही पार्बताबाईची एकुलती एक मुलगी. अमरावतीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. रात्री अकरापर्यंत आईबरोबर जुड्या बांधायची, तीनला उठून त्यांच्यावर पाणी मारायची, पोती भरायची, पहिल्या हॉर्नला ती टेम्पोत चढवायची आणि परत येऊन अंथरुणावर पडायची. दुसरा हॉर्न वाजला की पार्बताबाई तिला हलवायची. सहाची एसटी, मग पुढे पायी, आणि सात वीसला पहिला तास. सकाळचं कॉलेज होतं. दुपारी त्याच इमारतीत दुसरं काहीतरी भरायचं, त्यामुळे विज्ञानाचे सगळे तास कोंबडं आरवायच्या सुमारास उरकून घेत.

पोरगी हुशार होती हे पार्बताबाईला कोणी सांगावं लागलं नाही. पण पोरगी वर्गात झोपते हे मात्र सांगावं लागलं. जानेवारीत कॉलेजातून निरोप आला, पालकांना भेटायला बोलावलं आहे. शेषरावाची त्या आठवड्यात रात्रीची लाइन होती. म्हणजे मोटारीची वीज रात्री बारा ते सकाळी यायची, आणि ओलीत करायला माणूस वावरात लागायचाच. रात्रभर पाण्यात उभा राहून तो दिवसा आडवा पडलेला. म्हणून पार्बताबाईच गेली.

पहिला तास चालू होता. व्हरांड्यात उभं राहून तिनं खिडकीतून पाहिलं आणि तिला वाटलं, आपण चुकून दवाखान्यात आलो. निम्मा वर्ग आडवा होता. दर्यापूरकडचं एक पोरगं बाकावर गाल टेकून तोंड उघडं टाकून झोपलं होतं, त्याच्याही घरी रात्रीचीच लाइन असणार. शहरात खोली करून राहणारी पोरं डोळे चोळत होती, कारण लोडशेडिंगमुळे दिवे रात्री उशिरा यायचे आणि अभ्यास तेव्हाच व्हायचा. दोन एसट्या बदलून येणारी एक पोरगी बसल्या जागी डुलत होती. आणि शेवटच्या बाकावर प्रतीक्षा, भिंतीला टेकून, हातात पेन धरून, डोळे मिटून. पेन वहीवर चालत होतं. हे बसणं पार्बताबाईच्या ओळखीचं होतं.

शिकवत होत्या त्या नाजिया मॅडम. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचं घर, तासाप्रमाणे नेमणूक, म्हणून पहाटेची साडेचारची एसटी धरून रोज यायच्या. त्यांच्याही डोळ्यांखाली काळं होतं. तास संपल्यावर त्या बाहेर आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, तुम्ही घाबरू नका. मी तिची हजेरी लावते. झोपली तरी ती वर्गात असते ना. हजेरीपटात झोपलेल्यांचा वेगळा रकाना नाही."

विभागप्रमुख सर मात्र एवढे सैल नव्हते. त्यांनी पार्बताबाईला खुर्ची दिली, समजावून सांगितलं, आणि एक छापील कागद हातात ठेवला. झोपेच्या चांगल्या सवयी. पार्बताबाई चौथी शिकलेली, अक्षर लावत लावत तिनं तो तिथंच वाचला. रोज ठरलेल्या वेळी झोपावे. आठ तास झोप घ्यावी. झोपण्यापूर्वी टीव्ही पाहू नये. संध्याकाळनंतर चहा घेऊ नये. खोलीत अंधार ठेवावा.

"अंधार तं लाइनवालेच ठेवतात, सर," ती म्हणाली. "पण आठ तास म्हणता, तं कोणते आठ?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "वेळेचं नियोजन करावं लागतं, बाई," ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्यानं आयुष्यात मेथी फक्त ताटात पाहिली होती, एवढंच.

बाकीच्या तासांची हजेरी थोडी कमी भरत होती. नाजिया मॅडमनी शब्द टाकला आणि हमीपत्रावर पार्बताबाईची सही घेऊन प्रतीक्षाला परीक्षेला बसू द्यायचं ठरलं. पण सरांनी बजावलं. प्रात्यक्षिक परीक्षा पंधरा दिवसांवर आहे, सकाळी साडेसातला. बाहेरचे परीक्षक येतात. आठनंतर आत घेत नाहीत. प्रात्यक्षिक बुडालं तर वर्ष बुडालं.

परतताना एसटीत प्रतीक्षा आईच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली आणि पार्बताबाई पहिल्यांदाच एसटीत जागी राहिली.

कारण प्रतीक्षाचं वर्ष म्हणजे नुसतं वर्ष नव्हतं. नाजिया मॅडमच्या ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंकडे रक्त-लघवी तपासायच्या कामावर मुलगी हवी होती, बी.एस्सी. झालेली. जूनपासून ये म्हणाल्या होत्या. पगाराचा आकडा पार्बताबाईला धड आठवत नव्हता. तिला आठवत होती ती कामाची वेळ. सकाळी अकरा ते संध्याकाळी सात. अकरा! म्हणजे आठला उठलं तरी चालतं. ऊन घरात आलं तरी अंथरुणात असलेली बाई, हे पार्बताबाईच्या मते सुखाचं शेवटचं टोक होतं. तिनं अशी बाई एकदाच पाहिली होती, अमरावतीत, एका बंगल्यावर वांगी द्यायला गेली तेव्हा. साडेआठ वाजता जांभई देत दार उघडलं होतं त्या बाईनं, केस विस्कटलेले, तोंडावर उशीच्या सुरकुत्या. बाकीच्या बायकांना तिचे दागिने आठवले असते. पार्बताबाईला ती जांभई आठवत राहिली. तशी पोटभर झोपलेली जांभई आपल्या पोरीनं द्यावी, एवढंच तिनं देवाकडे मागितलं होतं.

दुसरीकडे शेषरावाचा शब्द होता. कौंडण्यपूरकडचं एक स्थळ दीड वर्ष वाट पाहत होतं. फुलांची शेती, झेंडू, शेवंती, गुलाब. घरात माणसं कमी आणि काम फार, म्हणून त्यांना सून पाहिजे होती. फुलं भाजीच्याही आधी तोडावी लागतात, त्या घरात दिवस दोनला सुरू होतो, हे आळीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. शेषराव कठोर नव्हता, थकला होता. "पास झाली तं नोकरी करू दे," तो म्हणाला. "नाही तं मी पाहुण्यांले हो म्हनतो. अजून एक साल मले नाही निभत. माह्या डोयातही झोप हाये."

पंधरा दिवस प्रतीक्षानं काय केलं ते काय सांगावं. जुड्या बांधताना समोर वही उघडी ठेवायची. आईला समजावून सांगायची, नळीतून थेंब थेंब औषध सोडायचं, खालच्या पाण्याचा रंग बदलला की त्याच थेंबाला थांबायचं. एक थेंब जास्त पडला की सगळं पुन्हा. "म्हनजे जागं राहाचं काम हाये," पार्बताबाई म्हणायची. "हो व आई, तेवढंच तं येत नाही मले," असं म्हणून पोरगी हसायची. गजराचं घड्याळ एकदा आणलं होतं, पण ते उशाशी कोकलून कोकलून दमायचं आणि प्रतीक्षाला पत्ता नसायचा. शेवटी त्याची गजराची किल्लीच तुटली, आता ते नुसती वेळ दाखवायचं. तिला जाग यायची ती फक्त आईच्या हातानं आणि दुसऱ्या हॉर्ननं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी जानराव दारात आला. टेम्पो नव्हता, पायी आला.

"वहिनी, आज जुड्या बांधू नका," तो म्हणाला. "महादेवराव अडते वारले दुपारी. उद्या हर्रास बंद. म्या गाडी आंगणात लावून देली."

महादेवराव हे बाजारातले सगळ्यात जुने अडते. चार पिढ्यांचा माल त्यांनी विकला होता, म्हणून त्यांच्यासाठी एक दिवस बाजार बंद ठेवायची रीत. पार्बताबाई हळहळली. चांगला माणूस होता, तोलात कधी हात मारला नाही. पण हळहळतानाच तिला जे वाटलं ते तिनं कोणाला सांगितलं नाही. तिला आनंद झाला. नेमक्या या रात्री पोरीला झोप मिळणार होती, आणि तीही सलग.

साडेनऊलाच दिवा मालवला. शेषराव रात्रीच्या लाइनीवर वावरात गेला. प्रतीक्षा पांघरुणात शिरता शिरता म्हणाली, "आई, मले पाचले उठवजो. एकडाव वही पाहीन, अंग धुईन, अन् सहाची एसटी. विसरू नको बरं."

"मी विसरते का? तीनलेच उठते मी, झोप तू."

आणि उठलीच ती तीनला. सवयच तशी. बाहेर येऊन ओट्यावर बसली. गावात चिटपाखरू नव्हतं, एकाही दारात पोती नव्हती. सव्वातीन झाले आणि पुलावर काही वाजलं नाही. तिला गंमत वाटली. चूल पेटवून पाणी तापत ठेवलं. पोरीचा धुतलेला पांढरा कोट, कॉलेजात प्रयोगाला घालतात तो, घडी करून पिशवीत घातला. दोन भाकरी केल्या. पाच वाजले तशी रॉकेलची चिमणी हातात घेऊन आत गेली.

प्रतीक्षा उताणी झोपली होती. तोंड थोडं उघडं, एक हात वहीवर, बोटं मेथीनं हिरवी पडलेली. कपाळावर एक आठी नव्हती. पार्बताबाई बघत राहिली. बावीस वर्षांच्या संसारात आपण पोरीला कितीदा उठवलं ते तिला ठाऊक होतं, पण अशी निवांत झोपलेली पाहायला कधी सवड झाली नव्हती. लहानपणीही टोपल्यात निजवून वावरात नेली होती तिला. एवढी गाढ झोप त्या घरात कोणाच्या वाट्याला आलेली तिनं पाहिली नव्हती.

हात पुढे गेला आणि थांबला. रोज तर दुसऱ्या हॉर्नला उठते, तिच्या मनात आलं. सहाची एसटी सापडतेच. आजच अर्धा तास आधी कशाला? झोपली तर डोकं चालेल, थेंब दिसेल. दुसऱ्या हॉर्नपर्यंत झोपू दे.

बाजार बंद आहे हे तिला माहीत नव्हतं असं नाही. त्याच बंदच्या भरवशावर तर ती निवांत होती. पण तिच्या लेखी साडेपाच वाजतात ते जानरावच्या हॉर्ननं, दुसऱ्या कशानं वाजत नाहीत. महादेवराव वारले हे तिच्या डोक्याला कळलं होतं, हाडांना कळलं नव्हतं. ती चिमणी कोनाड्यात ठेवून पोरीच्या उशाशी बसली. डासांना वारण्यासाठी पदर हलवू लागली. मग पाठ भिंतीला लागली आणि पाय पसरले.

पदर थांबला. मांडीवरचे हात थोडा वेळ रिकाम्याच हवेची जुडी बांधत राहिले, मग तेही थांबले.

तिला जाग आली ती तोंडावर काहीतरी ऊनऊन लागल्यामुळे. हे काय आहे ते तिला क्षणभर कळेना, कारण घरात झोपलेलं असताना तिच्या तोंडावर ऊन कधी पडलंच नव्हतं. दारात शेषराव उभा होता, गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर फावडं.

"काहून व," तो म्हणाला, "आज कॉलेजले सुट्टी हाये का?"

सात वाजून पाच मिनिटं झाली होती.

पुढचं सगळं पळतच झालं. प्रतीक्षा उठली ती सरळ दाराकडे धावली. अंगावरचेच कपडे, पिशवी, वेणी अर्धी सुटलेली. पार्बताबाई अनवाणी जानरावच्या आंगणात धावली. तो मंजन करत होता, तसाच तोंडातला फेस पुसत टेम्पोवर चढला. थंड पडलेली गाडी चौथ्या खेपेला सुरू झाली. मागं हौद्यात दोघी मायलेकी पालापाचोळ्यावर बसल्या. वाटभर जानराव हॉर्न वाजवत होता, बैलगाड्यांना, शाळेच्या पोरांना, सगळ्यांना. तो हॉर्न ऐकताना पार्बताबाईनं कानावर हात ठेवले होते.

कॉलेजच्या फाटकात पोचले तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. प्रयोगशाळेचं दार लोटलेलं. आतून नळ्यांचा, बाटल्यांचा बारीक आवाज येत होता. नाजिया मॅडम दारातच उभ्या होत्या, बहुधा वाटच पाहत. त्यांनी प्रतीक्षाला पाहिलं आणि काही न विचारता आत गेल्या. बाहेर ऐकू येत होतं त्यांचं बोलणं. "सर, दहाच मिनिटं झाली आहेत. चांगली मुलगी आहे. सर, प्लीज." मग परीक्षक स्वतः बाहेर आले. उतारवयाचे गृहस्थ, रात्रीच्या गाडीनं आलेले, डोळे लाल. त्यांनी जांभई हातानं झाकली.

"चिठ्ठ्या वाटून झाल्या, यादीवर सह्या झाल्या," ते म्हणाले. "आता मी गैरहजर लावलेलं आहे. माझ्या हातात नाही."

"साहेब, मी झोपली," पार्बताबाई पुढे झाली. "पोरगी नाही. मी झोपली. माह्या नावानं लावा काय लावायचं ते."

परीक्षकांनी नाजिया मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी जमिनीकडे. "पुढच्या वर्षी बसता येईल," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

प्रतीक्षा व्हरांड्यातल्या बाकावर बसली. पांढरा कोट तिनं पिशवीतून काढून अंगात घातला होता, तो तिनं पुन्हा काढला, नीट घडी केली. "आई," ती म्हणाली, "तू मले पाचले पाह्यलं होतं का?"

"हो."

"मंग?"

दुसऱ्या हॉर्नची वाट पाहत होती म्हणून सांगायचं, तर ते ऐकून कोणीही हसलं असतं.

शेषराव ओरडला नाही. त्यानं तिसऱ्या दिवशी कौंडण्यपूरकडे निरोप पाठवला. नाजिया मॅडम एका रविवारी अकोल्याहून वलगावला येऊन गेल्या, पुढच्या वर्षी फॉर्म भरा, मी सगळं करते म्हणाल्या. शेषरावानं त्यांना चहा दिला, सांबार दिला, पण शब्द बदलला नाही. मे महिन्यात लग्न झालं. डॉक्टरीणबाईंच्या जागेवर कोणी दुसरी मुलगी लागली असेल. ती अकराला जात असेल.

त्यानंतर वलगावात पार्बताबाईबद्दल एकच गोष्ट सांगण्यासारखी उरली, की तिच्या हातची जुडी सुटत नाही. ती झोपत नाही आता बांधताना. डोळे टक्क उघडे असतात. शेषरावानं एकदा जुनी गंमत करायची म्हणून पालक सरकवला, तिनं तो मुकाट्यानं उचलून बाजूला ठेवला. पुन्हा त्यानं गंमत केली नाही. रात्री पाठ टेकली तरी ती पडून राहते, पहिल्या हॉर्नपर्यंत छताकडे बघत. घरात बसायला भिंत असली तरी ती आता पाठ लावून बसत नाही.

दिवाळीला प्रतीक्षा आली नाही. फुलवाल्यांच्या घरात दिवाळीला सून कशी सुटणार? कौंडण्यपूरची कार्तिकातली जत्रा झाली, फुलांचा जोर ओसरला, तेव्हा तिला आठ दिवस माहेरी धाडलं. पोरगी वाळली होती. हातांना हिरव्याऐवजी पिवळा रंग आणि बोटांना गुलाबाचे काटे लागलेले. पार्बताबाईनं मनाशी ठरवलं, हे आठ दिवस हिला कोणी उठवायचं नाही. काही झालं तरी नाही. ती जानरावकडे गेली आणि म्हणाली, "भाऊ, आठ दिवस माह्या दारात हॉर्न नको वाजवू. ना पयला, ना दुसरा. पोती मी पुलापर्यंत आणून देते डोक्यावर."

जानरावनं तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

पहिल्या पहाटे तिनं पोती एकेक करून पुलावर नेली, चार खेपा, चपला काढून, पाय न वाजवता. शेवटची खेप करून परतली तर घरात चिमणी लागलेली. प्रतीक्षा भिंतीला पाठ लावून, पाय पसरून बसली होती. उरलेल्या मेथीच्या जुड्या बांधत होती. डोळे उघडे होते.

"काहून उठली व माय?" पार्बताबाईनं दारातूनच विचारलं. "झोप ना. हॉर्न नाही वाजत आता. मी सांगून आली त्याले. झोप तू, आठ वाजेपर्यंत झोप."

"झोपच येत नाही, आई."

"वर्गात तं येत होती. एसटीत येत होती."

"आता नाही येत. डोये लावले की वाटते, आपून झोपलो अन् मागून काही तरी निघून गेलं." तिनं गाठ मारली, जुडी बाजूला ठेवली, दुसरी मूठ उचलली. "तू बी तं नाही झोपत म्हने. बाबा सांगत होते."

पार्बताबाईला त्या दिवसाबद्दल बोलायचं होतं. नऊ महिने बोलायचं होतं. पोरीचे पाय धरायचे होते. पण प्रतीक्षानं थोडं सरकून भिंतीशी जागा केली, पुढ्यातली अर्धी मेथी तिच्याकडे लोटली, आणि पार्बताबाई बसली. पाठ न टेकता बसली.

साडेपाचला जानरावचा टेम्पो आला. सांगितल्याप्रमाणे हॉर्न न वाजवता त्यानं पोती दारात ठेवली आणि गाडी हळूच पुढे नेली. दोघींनी माना वर करून दाराकडे पाहिलं आणि पुन्हा मेथी हातात घेतली.